रिकामे चिलखत



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान, साहित्य असे भारदस्त विषय बोलले जातात. त्या पंक्तीत आम्ही जपानी सामुराईंचे चित्रपट आणून बसवतो आहोत, तेव्हा कित्येकांच्या मनात येईल, की तलवारींचा खणखणाट आणि रक्ताच्या चिळकांड्या ह्यांत नीतिविचार तो कसला शोधायचा? शंका रास्त आहे. हाणामारीच्या ह्या चित्रपटांस जपानात 'चांबारा' म्हणतात, आणि तो शब्दच मुळी तलवारीवर तलवार आपटल्याच्या आवाजावरून घडलेला आहे. असे चित्रपट तेथे शेकड्यांनी निघाले, आणि त्यांतील पुष्कळांत त्या आवाजापलीकडे ऐकण्यासारखे फारसे काही नाही.

परंतु जे थोडे उत्तम आहेत, ते पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत तलवारीची खरी परीक्षा रणांगणावर होत नाही. ती होते भाताच्या वाटीपाशी, तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी, आणि घरच्या सुनेला कोणी ओढून नेऊ लागले तर सासरा काय करतो, ह्या प्रश्नापाशी. इज्जत, निष्ठा, कुळाची कीर्ती हे मोठमोठे शब्द दाराशी आलेल्या भुकेल्या माणसाला काय देतात, एवढेच हे चित्रपट विचारतात. आणि उत्तर मिळेपर्यंत आपली पाठ सोडत नाहीत.

आज आम्ही प्रामुख्याने तीनच चित्रपटांविषयी बोलणार आहोत. अकिरा कुरोसावा ह्यांचा १९५४ सालचा 'सात सामुराई'. मासाकी कोबायाशी ह्यांचा १९६२ सालचा 'सेप्पुकू', जो बाहेरच्या जगात 'हाराकिरी' ह्या नावाने ओळखला जातो. आणि त्याच कोबायाशींचा १९६७ सालचा, इंग्रजी नावाचा अर्थ घेऊन आपण ज्यास 'सामुराईचे बंड' म्हणू, तो. तिन्हींच्या पटकथेत एक हात समान आहे, तो शिनोबू हाशिमोतो ह्यांचा. ही तिन्ही मंडळी आज हयात नाहीत, पण त्यांनी मांडलेला प्रश्न अजून मिटलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. 'सामुराई' ह्या शब्दाच्या मुळाशी सेवेस हजर राहणे हा अर्थ आहे. म्हणजे सामुराई हा मुळात चाकर. त्याला धनी हवा. सोळाव्या शतकात जपानात सरदारांच्या आपसांतील लढाया अखंड चालू होत्या, तेव्हा अशा चाकरांना कामाची वाण नव्हती. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची सत्ता एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, स्थापन झाली, आणि १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडल्यावर देशात शांतता नांदू लागली. शांतता ही गोष्ट चांगलीच. पण लढण्यावाचून दुसरा धंदा न शिकलेल्या माणसाने शांततेत खायचे काय? शिवाय नव्या सत्तेने कित्येक सरदारांच्या जहागिऱ्या लहानमोठ्या कारणांवरून खालसा केल्या. हिरोशिमाच्या फुकुशिमा सरदाराने परवानगीवाचून किल्ल्याची डागडुजी केली, ह्या ठपक्यावरून १६१९ साली त्याची जहागीर गेली. धन्याची जहागीर गेली, की त्याचे चाकर रस्त्यावर आले. अशा धनी नसलेल्या सामुराईस 'रोनिन' म्हणत. १६५१ साली रोनिनांनी बंडाचा कट रचला, तेव्हा कोठे सरकारने वारसाचे निर्बंध थोडे सैल केले. हे रोनिन आमच्या आजच्या कथांतील महत्त्वाची माणसे.

दुसरी पार्श्वभूमी विसाव्या शतकातली. 'बुशिदो', म्हणजे सामुराईचा धर्म, ह्या शब्दाचा जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांनी महायुद्धात मनसोक्त वापर केला. धन्यासाठी मरणे हेच जन्माचे सार्थक, असे सांगून कोवळी पोरे मरणाच्या तोंडी दिली. १९४५ मध्ये पराभव झाला, अमेरिकी सेनेचा अंमल बसला, आणि सरंजामी निष्ठा व सूड ह्यांचा गौरव करणाऱ्या चित्रपटांवर बंधने आली. कुरोसावांनी १९४५ मध्ये केलेला एक ऐतिहासिक चित्रपट १९५२ पर्यंत लोकांस पाहावयास मिळाला नाही. बंधने उठली आणि तलवार पडद्यावर परत आली. पण ती उचलणारे काही हात आता निराळे होते. कोबायाशींना १९४२ मध्ये सैन्यात भरती करून मांचुरियात पाठवण्यात आले होते. साध्या शिपायाच्या वरची बढती त्यांनी घेतली नाही, आणि युद्ध संपल्यावर काही काळ ओकिनावात कैदेत काढला. इज्जतीच्या नावाखाली माणसाचे काय करतात, हे ज्याने गणवेशात राहून पाहिले, त्याने पुढे सामुराईचे चित्र काढले. एवढे ध्यानात ठेवून चित्रपटांकडे वळू.

'सात सामुराई'ची जन्मकथा मोठी बोलकी आहे. कुरोसावा आणि हाशिमोतो ह्यांना आधी एका सामुराईच्या एकाच दिवसाची कथा करायची होती. हाशिमोतोंनी जुने कागद धुंडाळले. पण कथेच्या काळात चाकरीवर गेलेला सामुराई दुपारी जेवत होता की नाही, जेवत असेल तर घरून नेत होता की कसे, ह्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना. तेवढ्यावरून तो बेतच सोडून दिला. पुढे शोधता शोधता असे कळले, की त्या धामधुमीच्या काळात काही गावे लुटारूंपासून रक्षणासाठी सामुराई ठेवीत, आणि मोबदला म्हणून त्यांना जेवू घालीत. जेवणापाशी अडलेली कथा जेवणापाशीच सुटली.

कथा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पीक हाताशी आले की चाळीस लुटारू गावावर तुटून पडणार, हे शेतकऱ्यांस कळते. गावचा म्हातारा सांगतो, भुकेले सामुराई शोधा. शेतकरी शहरात येतात. पहिला सामुराई कांबेई त्यांना दिसतो तोच मुळी विलक्षण प्रसंगात. एका चोराने एक मूल धरून ठेवले आहे. कांबेई डोक्यावरची केसांची गाठ कापून मुंडण करून घेतो, भिक्षूची वस्त्रे चढवतो, आणि ह्या सोंगाने चोराजवळ जाऊन मुलाला सोडवतो. ती केसांची गाठ म्हणजे सामुराईचा मान. ती त्याने शेंबड्या पोरासाठी नदीकाठी उतरवून ठेवली. बघ्यांची तोंडे आश्चर्याने उघडी पडतात, हा स्वतः मात्र डोक्यावरून हात फिरवीत हसतो. हा प्रसंग आपण मनात जपून ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

ह्या कांबेईस शेतकरी विनवतात. तो हिशेब करतो आणि हे जमणार नाही असे सांगतो. तेव्हा त्याच धर्मशाळेत उतरलेला एक मजूर, जो आतापर्यंत शेतकऱ्यांची टवाळी करीत होता, तो भाताची वाटी पुढे करतो आणि म्हणतो, हा भात तुम्हांला, आणि हे स्वतः काय खातात ते पाहा, भरड धान्य! कांबेई वाटी हातात घेतो आणि एवढेच म्हणतो, की हा भात वाया जाऊ देणार नाही. ना शपथ, ना घोषणा. एका वाटीने करार झाला. धन्यासाठी लढणारा सामुराई येथे प्रथमच, ज्याचे खाल्ले त्या कष्टकऱ्यासाठी लढायला उभा राहतो.

परंतु कुरोसावा शेतकऱ्यांना साधुसंत करून ठेवीत नाहीत, आणि येथेच त्यांचा मोठेपणा आहे. हे शेतकरी भित्रे आहेत, लबाड आहेत. एक बाप सामुराईंच्या भीतीने स्वतःच्या पोरीचे केस कापून तिला मुलगा बनवतो. पुढे उघडकीस येते, की गावात चिलखते आणि शस्त्रे दडवलेली आहेत. लढाईत हरून पळणाऱ्या सामुराईंना मारून ती मिळवलेली. सामुराईंचे चेहरे काळे ठिक्कर पडतात. एक जण म्हणतो, ह्या गावातल्या सगळ्यांना कापून काढावेसे वाटते. तेव्हा किकुचियो उसळतो. हा सातवा सामुराई म्हणजे खोटी वंशावळ मिरवणारा शेतकऱ्याचा पोर. तोशिरो मिफुने ह्यांनी ही भूमिका अशी केली आहे, की ती पाहून विसरणे कठीण. तो ओरडून सांगतो : होय, शेतकरी कंजूष आहे, खोटारडा आहे, खुनीसुद्धा आहे, पण त्याला असे केले कोणी? तुम्हीच! तुम्ही गावे जाळलीत, धान्य लुटलेत, बायका ओढून नेल्यात! सहाही सामुराई खाली मान घालून ऐकतात. कांबेईच्या डोळ्यांत पाणी येते. भगिनींनो आणि बंधूंनो, स्वतःच्या वर्गाविरुद्धचा आरोप शांतपणे ऐकून घेणे हे लढाईत छाती पुढे करण्याहून अवघड आहे, आणि त्या क्षणी ते सहा जण आमच्या लेखी खरे सामुराई ठरतात.

मात्र दयाळूपणा म्हणजे मऊपणा नव्हे. ओढ्यापलीकडची तीन घरे वाचवता येणार नाहीत, ती सोडावी लागतील, असे ठरते. त्या घरांचे लोक हत्यारे टाकून निघतात. कांबेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो आणि बजावतो, की दुसऱ्याला राखाल तर स्वतः राहाल, स्वतःपुरते पाहाल तर स्वतःही जाल. पुढे ती तीन घरे जळतात. गावकीचा हा धडा कोणत्याही पुस्तकाहून नेमका आहे, आणि त्याची किंमतही चित्रपट लपवीत नाही.

शेवटी लुटारू संपतात. सातांपैकी चार सामुराई मेलेले आहेत. गावकरी गाणी म्हणत भाताची लावणी करीत आहेत. उरलेल्या तिघांकडे कोणी वळूनही पाहत नाही. कांबेई म्हणतो, ह्याही वेळी आपण हरलो. जिंकले ते शेतकरी. ह्यात कित्येकांना कडवटपणा दिसतो. आम्हांस त्यात हिशेबाची पावती दिसते. भात वाया जाऊ देणार नाही, असे तो म्हणाला होता. समोर पुढच्या भाताची लावणी चालली आहे. शब्द पुरा झाला. त्याबद्दल टाळ्या मिळाव्यात, असे करारात नव्हते.

आता 'सेप्पुकू'. काळ १६३०. एदोतील ईई सरदाराच्या वाड्यावर त्सुगुमो हानशिरो नावाचा एक रोनिन येतो. पूर्वी तो फुकुशिमा सरदाराच्या पदरी होता. तो म्हणतो, ह्या दैन्यात जगण्यापेक्षा सामुराईला शोभेल असे पोट चिरून मरावे म्हणतो. त्यासाठी आपल्या वाड्याचा चौक वापरू द्यावा. ही विनंती त्या काळी काही अगदी नवी नव्हती. दुसऱ्या एका घराण्याने अशा रोनिनाचा प्रामाणिकपणा पाहून त्याला चाकरीत घेतले होते. तेव्हापासून मरणाचे नाव काढून चार नाणी मिळवण्याचा मार्ग काही रोनिनांना सापडला. ईईंचा कारभारी सैतो, हानशिरोला घाबरवावे म्हणून, अलीकडेच आलेल्या मोतोमे नावाच्या तरुणाची हकीकत सांगतो.

मोतोमेही असाच आला. वाड्याने ठरवले, की ह्या वेळी खरोखरच पोट चिरायला लावायचे. तो गयावया करतो, एकदोन दिवसांची मुदत द्या, पळून जाणार नाही, परत येतो. कोणी ऐकत नाही. त्याची तलवार पाहतात तर आत बांबूची पात! पोलाद विकून पोट भरलेले. सामुराईचा प्राण म्हणवणारी तलवार ज्याने विकली, त्याला शिक्षा म्हणून त्याच बांबूच्या पात्याने पोट चिरायला लावतात. ते दृश्य फार कठीण आहे. आम्ही त्याचे वर्णन करीत नाही.

हानशिरो हे ऐकून घेतो आणि मग आपली कथा सांगू लागतो. तात्सुया नाकादाई ह्या नटाचा खर्जातला आवाज, चौकातली ती चटई, भोवती रांगेत बसलेले चाकर, आणि हळूहळू बदलत जाणारे त्यांचे चेहरे. मोतोमे हा हानशिरोचा जावई. मुलगी क्षयाने खंगलेली, नातू तापात, वैद्याला द्यायला पैसा नाही. मोतोमेला मुदत हवी होती ती ह्यासाठी. संध्याकाळी ईईंची माणसे त्याचे प्रेत घरी आणून टाकतात आणि वर बांबूच्या तलवारीची थट्टा करतात. पाठोपाठ नातू गेला, मुलगी गेली. हानशिरो एकटा उरला.

येथे चित्रपटातील, आमच्या मते, सर्वांत मोठा क्षण येतो. हानशिरो ईईंना शिव्या देत नाही. आपली स्वतःची तलवार तो पाहतो आणि त्याच्या ध्यानात येते, की जावयाने बायकापोरांसाठी तलवार विकली, आणि ती विकावी असे आपल्या मनातसुद्धा कधी आले नाही. छत्र्यांचे काम करून दिवस काढले, नातू डोळ्यांदेखत तापला, पण ह्या लोखंडाच्या तुकड्याला मिठी मारून बसलो! ज्या खोट्या इज्जतीने मोतोमेला मारले, ती आपल्याही घरात खुंटीवर टांगलेली होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. येथे तो पीळ माणूस स्वतःच्या हाताने उलगडतो. दुसऱ्याचा न्याय करायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःला चौकात बसवले, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

तथापि कारभाऱ्याची बाजूही नीट ऐकली पाहिजे; कोबायाशींनी ती ऐकवली आहे. सैतो राक्षस नाही. रेंतारो मिकुनी ह्यांनी तो शांत, विचारी, जरासा थकलेला दाखवला आहे. तो म्हणतो, मरायला आलो असे मोतोमे स्वतःच म्हणाला. आम्ही त्याच्या शब्दाला धरले. एकाला पैसे दिले, तर उद्या दारात रांग लागेल. ह्या युक्तिवादात चूक काढणे सोपे नाही. कोणतीही कचेरी, कोणतीही संस्था असेच बोलते, आणि कधीकधी तिला तसे बोलावेच लागते. हानशिरोचे उत्तर मात्र साधे आहे. मोतोमेचे वागणे बरोबर होते, असे तो म्हणत नाही. तो एवढेच विचारतो, की मरणाच्या दारात उभा असलेला माणूस एक दिवसाची मुदत मागतो. तुम्ही इतके सामुराई येथे होतात, तुमच्यापैकी एकालाही 'का?' असे विचारावेसे वाटले नाही? बंधूंनो, सगळा चित्रपट ह्या एका 'का'वर उभा आहे. नियम पाळला गेला, प्रश्न विचारला गेला नाही. क्रौर्य शिरले ते त्या फटीतून.

पुढचे थोडक्यात सांगतो. मोतोमेला छळण्यात पुढाकार घेणारे तिघे त्या दिवशी आजारी म्हणून गैरहजर आहेत. हानशिरो पदरातून तीन केसांच्या गाठी काढून समोर फेकतो. त्याने तिघांना गाठून त्यांचा सामुराईपणा कापून आणला होता, आणि इज्जतीचे हे रखवालदार केस वाढेपर्यंत पांघरुणात दडून बसले होते! आता कांबेई आठवावा. एकाने लेकरासाठी हसत गाठ उतरवली. हे तिघे ती गेली म्हणून तोंड लपवतात. इज्जत कोणाजवळ होती, हे वेगळे सांगायला नको.

मग झुंज होते. झुंजता झुंजता हानशिरो देवघरासारख्या सजवलेल्या खोलीत येतो. तेथे ईई घराण्याच्या पूर्वजांचे चिलखत मांडलेले आहे. बाहेरून भव्य, आत कोणी नाही. तो ते उचलून ढालीसारखे धरतो आणि खाली आपटतो. अखेर तोड्याच्या बंदुका येतात. नंतर रक्त धुतले जाते, चिलखत पुन्हा जुळवून जागच्या जागी बसवले जाते, आणि वाड्याच्या नोंदवहीत लिहिले जाते, की हानशिरोने पोट चिरून घेतले. आमची मेलेली माणसे आजाराने गेली. घराण्याची कीर्ती अबाधित राहिली.

'सामुराईचे बंड'मध्ये काळ १७२५, ठिकाण आइझू. धनी आपल्या मनातून उतरलेली स्त्री, इचि, ही सासाहारा घराण्याच्या मुलाच्या गळ्यात बांधतो. हुकूम म्हणून घर तिला स्वीकारते. पण ती गुणी निघते, नवराबायकोत प्रेम जमते, मुलगी होते. मग धन्याचा वारस मरतो, इचिचा पहिला मुलगा वारस होतो, आणि हुकूम सुटतो, की तिला परत पाठवा. वीस वर्षे बायकोच्या आणि धन्याच्या धाकात निमूट राहिलेला सासरा इसाबुरो येथे पहिल्यांदा 'नाही' म्हणतो. त्याची बायको, धाकटा मुलगा, सगळे नातेवाईक म्हणतात, एका सुनेपायी घर बुडवणार काय? सुनेसाठी सासरा धन्याशी वैर घेतो, ही गोष्ट आपल्याही एकत्र कुटुंबांना विचार करायला लावील. इचिवर दडपण आणतात. ती नमत नाही, समोरच्या भाल्यावर स्वतःला झोकून देते. नवराही तेथेच पडतो. इसाबुरो नातीला घेऊन एदोला फिर्याद द्यायला निघतो, आणि वाटेतच बंदुकीने मारला जातो. ही कथा एदोला पोचत नाही.

तिन्ही चित्रपटांत एक साम्य आहे, ते मुद्दाम सांगतो. ह्यांतील थोर तलवारबहाद्दर तलवारीने मरत नाहीत. 'सात सामुराई'तले चौघे, हानशिरो, इसाबुरो, सगळ्यांवर बंदूक चालते. कौशल्याने, शौर्याने सत्य जिंकते, असे खोटे आश्वासन हे चित्रपट देत नाहीत. सत्य हरते, दप्तरातूनही पुसले जाते. मग ह्या माणसांनी केले ते वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. इज्जत नावाची वस्तूच खोटी, असाही निष्कर्ष आम्ही काढीत नाही. कांबेईची वाटी, मोतोमेची विकलेली तलवार, इसाबुरोचा नकार, ही इज्जतच आहे. फक्त ती दुसऱ्या माणसासाठी खर्च केलेली आहे. कुरोसावांच्या १९६२ सालच्या 'सांजुरो' चित्रपटात एक वृद्ध बाई त्या उपसलेल्या तलवारीसारख्या नायकास सहज म्हणून जाते, की खरोखर चांगली तलवार म्यानात असते. ह्या सगळ्या परंपरेचे सार त्या घरंदाज बाईच्या तोंडी आले आहे.

चिलखत सगळ्यांकडे असते. घराण्याचे नाव, संस्थेची परंपरा, हुद्दा, पक्ष, जात. ते पुसूनपासून मांडून ठेवण्यात गैर काही नाही. पण अधूनमधून ते उघडून आत माणूस आहे ना, एवढे पाहावे. आणि दाराशी कोणी एक दिवसाची मुदत मागू लागला, तर नियम सांगण्यापूर्वी त्याला 'का?' एवढे विचारावे.